फार्मसीचं पहिलं सत्र प्रवेशात खर्ची घालू नका: एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांना मान्यता देणारे, त्यांना संलग्नता देणारे आणि बी. फार्मसीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया राबवणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

मी बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधं तयार करण्याचं शास्त्र, शिकवते. बारावी आणि सीईटीतून बाहेर पडलेली मुलं अंगात नवाकोरा ॲप्रन घालून पहिल्यांदा ज्या प्रयोगशाळेत उभी राहतात, तिथे मी असते. प्रवेश उशिरा झाले की त्याची भरपाई कुणाकडून आणि कशातून होते, हे मला दरवर्षी समोर दिसतं. म्हणून हे पत्र.

बारावीचा निकाल 2024 मध्ये 21 मे रोजी लागला. 2025 मध्ये तर 5 मे रोजीच लागला. सीईटीचा निकाल दोन्ही वर्षी जूनच्या मध्यावर आला. म्हणजे जून संपायच्या आत मुलाला आपला पर्सेंटाइल माहीत असतो, कागदपत्रं गोळा झालेली असतात, घरात कुठल्या कॉलेजचं नाव वर टाकायचं यावर बोलणंही सुरू झालेलं असतं. आणि तिथून फार्मसीच्या मुलांची वाट पाहणं सुरू होतं. अभियांत्रिकीच्या फेऱ्या पार पडतात, त्यांचे वर्ग भरतात. गणपती येऊन जातात, घटस्थापना होते, आणि फार्मसीच्या शेवटच्या फेऱ्या मात्र दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे कधीतरी आटोपतात. गेली काही वर्षं हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं आहे असंही कुणाला वाटेनासं झालंय. एका मुलाच्या वडिलांनी मला सप्टेंबरात फोनवर विचारलं होतं, "मॅडम, त्याच्याच वर्गातली पोरं इंजिनिअरिंगला गेली, त्यांची पहिली परीक्षासुद्धा आली. आमचीच यादी का लागंना? पोरगं घरात बसून खचायला लागलंय." त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उशिराचं कारण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कॉलेजचं नाव प्रवेशाच्या यादीत यायचं तर फार्मसी कौन्सिलची मान्यता, राज्य शासनाची परवानगी आणि विद्यापीठाची संलग्नता अशा पायऱ्या चढाव्या लागतात. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फार्मसी शिक्षणाचं नियमन फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडेच राहील, एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेकडे नाही, असा निकाल दिला. दोन संस्थांच्या दुहेरी मान्यतेचा घोळ त्याने संपला, ते चांगलंच झालं. नवीन कॉलेजांवर 2020-21 पासून पाच वर्षांसाठी घातलेली बंदी मात्र सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अशी बंदी केवळ ठरावाने घालता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे नव्या कॉलेजांचे अर्ज पुन्हा आले, त्यांच्या तपासण्या आल्या, अपिलं आली. राज्यात इतकी फार्मसी कॉलेजं हवीत की नकोत, यावर माझं मत आहे, पण तो वाद आज इथे उकरत नाही. कोणत्या टेबलावर कोणती फाईल किती दिवस पडून राहिली, हे शोधायलाही मी बसलेली नाही. कॉलेजांच्या मान्यतेचं काम मुलांच्या शिकण्याच्या दिवसांत घुसतं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्याचा हिशेब मला मांडायचा आहे.

बी. फार्मसीची कौन्सिलची नियमावली 2014 ची आहे. तिच्यात प्रत्येक सत्र किमान 100 कामकाजाच्या दिवसांचं असावं, असं लिहिलंय. पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं ही सत्रं जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपावीत आणि दुसरं सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू व्हावं, हेही तिथेच आहे. परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात 80 टक्के हजेरी लागते. नियम नेटका आहे, आणि तो कौन्सिलचाच आहे. आता आठवड्याचे सहाही दिवस कॉलेज चालवलं तरी 100 दिवसांना साधारण सतरा आठवडे लागतात. सणांच्या सुट्ट्या, सेशनल म्हणजे अंतर्गत परीक्षा, मुख्य परीक्षेची तयारी धरली तर पाच महिने सहज जातात. दिवाळीनंतर ज्याचा प्रवेश झाला, त्याचं पहिलं सत्र नियमाप्रमाणे चालवायचं तर ते मार्च-एप्रिलपर्यंत गेलं पाहिजे आणि दुसरं सत्र सप्टेंबरपर्यंत. प्रत्यक्षात तसं होत नाही. विद्यापीठाला पुढचं वर्ष गाठायचं असतं, वरच्या वर्गांच्या परीक्षा असतात, म्हणून सत्र आवळलं जातं. जे पाच महिन्यांत शिकवायचं, ते अडीच-तीन महिन्यांत उरकायचं. हजेरीचे 80 टक्के मग जितके दिवस वर्ग भरले, तितक्यांचेच मोजले जातात. कागदावर सगळं बरोबर दिसतं.

आवळलेल्या सत्रात नेमकं काय जातं, ते प्रयोगशाळेतलंच एक उदाहरण घेऊन सांगते. पहिल्या सत्रात मुलं कॅलामाइन लोशन करतात. कॅलामाइन, झिंक ऑक्साइड आणि बेंटोनाइट खलात एकत्र घोटायचं. सोडियम सायट्रेट गुलाबपाण्यात विरघळवून ते थोडं थोडं घालत गुळगुळीत पेस्ट करत जायची. मग लिक्विफाइड फिनॉल, ग्लिसरीन, आणि शेवटी गुलाबपाण्याने माप पूर्ण करायचं. वाचायला दोन ओळी. पण पहिल्यांदा करताना बहुतेक मुलं घाई करतात, पाणी एकदम ओततात आणि खलात गुठळ्या होतात. बाटली भरून ठेवली की दुसऱ्या दिवशी तळाशी घट्ट थर बसलेला असतो, हलवला तरी सुटत नाही. त्या बाटलीकडे बघताना मुलाला कळतं की लेबलवर 'वापरण्यापूर्वी हलवा' का लिहितात, आणि हलवूनही औषध सारखं पसरलं नाही तर रुग्णाच्या वाट्याला प्रत्येक वेळी वेगळा डोस कसा जातो. मग तो पुन्हा करतो, या वेळी हात सावकाश फिरतो, लोशन जमतं. सगळं शिकणं या दुसऱ्या वेळी होतं. सत्र आवळलं की सगळ्यात आधी ही दुसरी वेळ जाते. एका दिवसात दोन प्रॅक्टिकल घेतली जातात. एका बाकावरचा एकजण करतो, बाकीचे बघतात, आकडे जर्नलमध्ये उतरवतात, सही होते. जर्नल पूर्ण असतं, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षाही होते. हात मात्र तयार झालेला नसतो.

थिअरीची तऱ्हा वेगळी नाही. फार्मास्युटिक्सच्या पहिल्या दोन युनिटमध्ये प्रिस्क्रिप्शन कसं वाचायचं, त्यातल्या चुका कशा ओळखायच्या, लहान मुलाचा डोस वयावरून, वजनावरून किंवा शरीराच्या पृष्ठभागावरून कसा काढायचा, आणि औषधनिर्मितीची गणितं आहेत. 95 टक्के आणि 60 टक्के अल्कोहोल मिसळून 70 टक्क्यांचं करायचं तर कोणतं किती घ्यायचं? उत्तर 95 टक्क्यांच्या दहा भागांना 60 टक्क्यांचे पंचवीस, म्हणजे दोनास पाच. गणित अवघड नाही. पण बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या मुलीला ते पचायला चार-पाच उदाहरणं स्वतः सोडवावी लागतात. उलट गणित घेऊन आलेल्या मुलाला पेशी, ऊती, मूत्रपिंड हे सगळं रेमेडियल बायॉलॉजी या पूरक विषयाच्या तीस तासांत पकडायचं असतं आणि त्याच वेळी ॲनाटॉमीच्या तासाला त्याच गोष्टी पुढच्या पायरीवर चाललेल्या असतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेली मुलं एका रांगेत यावीत म्हणून हे विषय ठेवले आहेत. त्यांना वेळच मिळाला नाही तर पहिल्या वर्षाच्या केटी तिथूनच सुरू होतात, आणि मुलं स्वतःलाच ढ समजू लागतात. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. हुशार मुलं असतात हो. त्यांना फक्त तीन महिने कमी मिळालेले असतात.

डोसचं गणित पुढे कुठे लागतं, तेही सांगते. लहान मुलांच्या पॅरासिटामोलचे थेंब बाजारात असतात, त्यात एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरप मिळतं, त्यात पाच मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125. दुसरं सिरप मिळतं, पाच मिलिलिटरमध्ये 250. रात्री तापाने फणफणलेलं बाळ घेऊन आई मेडिकलमध्ये येते आणि सांगते, "मागच्या वेळी चमचाभर दिलं होतं, तेच द्या." काउंटरवरच्या माणसाने न विचारता थेंबांची बाटली पुढे केली आणि आईने त्यातलं चमचाभर पाजलं, तर बाळाच्या पोटात 125 च्या जागी 500 मिलिग्रॅम जातं. चौपट. ही चूक रोखायला पीएच.डी. लागत नाही. पहिल्या सत्रातला पोसॉलॉजीचा, म्हणजे डोस ठरवण्याचा, धडा हाडीमाशी मुरलेला लागतो. काउंटरवर उभा राहणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधला शेवटचा तपासनीस असतो. त्याच्यानंतर कुणी तपासत नाही.

आणि कॅलामाइन लोशनमध्ये घातलेलं ते ग्लिसरीन. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉलची भेसळ असलेलं ग्लिसरीन दिल्याने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातली अनेक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्या औषधातही हेच विष सापडलं. जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर, आणि विष तेच. ग्लिसरीन आणि डायएथिलिन ग्लायकॉल दिसायला सारखी, दोन्ही दाट, दोन्ही गोड. पिंपावरच्या लेबलवर विश्वास न ठेवता आधी तपासून बघायचं, ही सवय माणसाला मोठेपणी नोकरीत लागत नाही. ती पहिल्या वर्षीच्या प्रयोगशाळेत लागते, बाटलीवरचं नाव वाचून, वजन दोनदा बघून, शंका आली तर सरांना-मॅडमना विचारून. मी वर्गात हे दोन्ही प्रसंग सांगते तेव्हा मुलं गप्प होतात. मग मला पुढचं युनिट घ्यायचं असतं, कारण दिवस नसतात.

आता घरांकडे वळते. फार्मसीला येणारी मुलं कुठून येतात, हे आपल्याला अर्जांवरून माहीतच आहे. निम्म्याहून जास्त पालक मला भेटतात ते शेतकरी, एसटीतले, छोट्या दुकानाचे, शिपाई म्हणून नोकरी करणारे. जुलै 2024 च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. फार मोठा निर्णय आहे, माझ्या वर्गात त्याचे चेहरे बसलेले आहेत. पण ही सवलत केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. संस्था पातळीवरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ती नाही. मग जुलैत एखाद्या खाजगी विद्यापीठातून फोन येतो, "आमच्याकडे वर्ग सुरू झालेत, आज पैसे भरा, सीट पक्की." तिकडे सरकारी यादीचा पत्ता नसतो. वडील घाबरतात, वर्ष वाया जायला नको म्हणून कर्ज काढून पैसे भरतात. त्या क्षणी मुलीची शंभर टक्के माफी गेली. कुणी नाकारली नाही, वेळापत्रकाने घालवली. काही मुलं बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवतात आणि दाखल्यासह मूळ कागदपत्रं तिथे अडकतात. ऑक्टोबरमध्ये फार्मसीला नाव लागलं की ती सोडवायला हेलपाटे घालायचे. जी थांबतात, ती उशिरा गावात येतात तेव्हा वसतिगृहं भरलेली असतात, खोल्या मिळत नाहीत, आणि पहिला महिना डबा आणि जागा शोधण्यातच जातो.

यादीबद्दलही एक बोलायचं आहे, कारण यात गुणवत्तेचा प्रश्न आहे. पहिल्या फेरीत जी कॉलेजं दिसतात त्यांतून मूल पसंतीक्रम भरतं. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेरीची वाट बंद होते. नंतर एखाद्या कॉलेजची मान्यता आली आणि ते पुढच्या फेरीत यादीत उतरलं, तर घराजवळचं ते कॉलेज कमी पर्सेंटाइलच्या मुलाला मिळतं आणि जास्त पर्सेंटाइलचं मूल रोज दोन बस बदलत राहतं. त्याचा दोष काय? त्याने नियम पाळला, एवढाच.

म्हणून माझं मागणं असं आहे. कोणत्या कॉलेजात किती जागा, ही यादी सीईटीचा निकाल लागण्याआधी पक्की व्हावी आणि जाहीर व्हावी. त्या तारखेनंतर ज्याची मान्यता येईल, त्या कॉलेजचे प्रवेश पुढच्या वर्षी. यात संस्थाचालक नाराज होतील, काहीजण न्यायालयातही जातील, याची मला कल्पना आहे. पण एका कॉलेजने एक वर्ष थांबावं की राज्यभरातल्या सगळ्या मुलांनी चार महिने थांबावं, यात निवड करायची तर ती अवघड नाही. तारीख आधीच ठरलेली आणि सगळ्यांना सारखी असेल, तर न्यायालयासमोरही तिची बाजू भक्कम राहील. तपासण्या मग आदल्या हिवाळ्यातच आटोपाव्या लागतील. त्याही अशा दिवशी व्हाव्यात, जेव्हा वर्ग चालू आहेत, मुलं खलावर उभी आहेत आणि शिकवणारे खरोखर शिकवताहेत. आणि त्या तपासणीचा अहवाल पालकांना वाचता येईल असा, मराठीत, संकेतस्थळावर ठेवावा. किती शिक्षक कायम आहेत, प्रयोगशाळा किती, मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती दिवस वर्ग झाले. आज पालक पसंतीक्रम भरतात तो इमारत बघून, बस बघून आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून.

दुसरं मागणं विद्यापीठांकडे आहे, आणि ते लगेच, यंदापासून पाळण्यासारखं आहे. प्रवेश कितीही उशिरा होवोत, पहिल्या सत्राचे 100 दिवस शेवटच्या फेरीतल्या मुलाच्या पहिल्या दिवसापासून मोजा, आणि परीक्षेची तारीख त्यावरून काढा. परीक्षेची तारीख आधी ठरवून उरलेल्या दिवसांत अभ्यासक्रम कोंबू नका. यामुळे सुट्टी जाईल, आम्हा शिक्षकांची उन्हाळ्याची रजा जाईल. जाऊ दे. सहाव्या सत्रानंतर मुलांना उद्योगात किंवा रुग्णालयात 150 तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, तिथपर्यंत दोन वर्षं हातात असतात. तेवढ्यात वेळापत्रक हळूहळू मूळ जागी आणता येतं. आम्ही काही सहकाऱ्यांनी कागदावर मांडून बघितलंय, जमतं.

अभ्यास मंडळांवर बसलेल्या माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनाही विनंती आहे. सत्र आवळलं गेलं की आपण परीक्षेत सोपे प्रश्न काढतो, प्रॅक्टिकलला सढळ हाताने गुण देतो, कारण मुलांची दया येते. दयेपोटी दिलेले ते गुण मुलाला दुसऱ्या वर्षाच्या फिजिकल फार्मास्युटिक्समध्ये आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीत उपयोगी पडत नाहीत. दिवस कमी पडले असतील तर ते गुणपत्रिकेत लपवण्यापेक्षा विद्यापीठाला लेखी कळवू या. कुठल्या कॉलेजात कोणती प्रॅक्टिकल झाली नाहीत, याचं एक पान दर सत्राला गेलं, तर उशिराची किंमत पहिल्यांदाच कुठेतरी नोंदली जाईल.

पुढच्या वर्षीच्या सीईटीचे अर्ज नेहमीप्रमाणे हिवाळ्यात सुरू होतील आणि परीक्षा उन्हाळ्यात होईल. यादी पक्की करण्याची तारीख त्या अर्जांबरोबरच जाहीर झाली, तर पालकांना जूनमध्ये काय करायचं ते कळेल. वेळापत्रकाचा आम्ही केलेला आराखडा मी या पत्रासोबत आपल्या तिन्ही कार्यालयांकडे टपालाने पाठवते आहे. त्यात काही अडचणीचं वाटलं तर सांगा, दुरुस्त करून देऊ.

आपली,
बी. फार्मसी पहिल्या वर्षाला शिकवणारी एक प्राध्यापिका